नाचता येईना, सेटअप वाकडा

रेसिंग सिम्युलेटर खेळणाऱ्या कुठल्याही दोन माणसांना शेजारी बसवा. पहिला विषय निघेल स्टिअरिंग व्हील कुठलं घेतलंस याचा, आणि दुसरा निघेल सेटअपचा. "मी तुझ्यापेक्षा दोन सेकंद मागे आहे ना, ते सगळं सेटअपमुळे. तुझा पाठव ना!" तो पाठवतो. हा लोड करतो, आणि पहिल्याच वळणावर गिरकी घेऊन गवतात जाऊन बसतो. मग म्हणतो, "काय भंगार सेटअप आहे! चालवताच येत नाही." आपल्याकडे यासाठी एक झकास म्हण आहेच... नाचता येईना, अंगण वाकडं.

पण मंडळी, ही म्हण इथे अर्धीच लागू पडते. कारण रेसिंगमध्ये कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं! मग अंगण किती वाकडं आणि आपले पाय किती वाकडे, हे ओळखायचं कसं? सिम रेसिंगचा गेल्या चाळीसेक वर्षांचा इतिहास म्हणजे मला तरी या एका प्रश्नाचं हळूहळू सापडत गेलेलं उत्तर वाटतं. आजचा लेख त्याबद्दल.

ज्यांना या भानगडीची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सेटअप म्हणजे गाडी ट्रॅकवर नेण्याआधी तिच्यात करायच्या जुळवाजुळवी. टायरमध्ये हवा किती, चाक उभ्या रेषेपासून किती कललेलं (कॅम्बर), स्प्रिंग किती कडक, पुढचे-मागचे पंख किती तिरके, ब्रेकचा जोर पुढे किती आणि मागे किती, कुठल्या गिअरला कुठलं गुणोत्तर. एका आधुनिक सिम्युलेटरमध्ये असे तीस-चाळीस आकडे सहज असतात. प्रत्येक आकडा दुसऱ्या चार आकड्यांच्या पायात पाय घालतो. इंजिनिअर माणसाला वेड लागायला आणखी काय हवं!

हे वेड कॉम्प्युटरच्या आधीचं आहे. अमेरिकेत मार्क डॉनह्यू नावाचा ड्रायव्हर होऊन गेला. ब्राउन युनिव्हर्सिटीचा मेकॅनिकल इंजिनिअर. रॉजर पेन्स्केच्या टीमकडून त्याने १९७२ ची इंडियानापोलिस ५०० जिंकली. गाडी एका मोठ्या डांबरी वर्तुळावर गोल गोल फिरवायची, ती वळणात किती जोर धरते ते मोजायचं, एक गोष्ट बदलायची, पुन्हा मोजायचं... हा त्याचा खाक्या. १९७५ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाचं नाव 'द अनफेअर अॅडव्हान्टेज'. नाव मोठं चावट आहे, कारण आत सांगितलेला फायदा अजिबात अनफेअर नाही. बाकीचे अंदाजाने करत होते ते हा मोजून करत होता, इतकंच. पुढे १९७८ मध्ये कॅरोल स्मिथचं 'ट्यून टू विन' आलं आणि ही विद्या पुस्तकी झाली. आजही सिम रेसिंगवाले ही पुस्तकं वाचतात. खेळ खेळायला अभ्यासाची पुस्तकं वाचणारे आम्ही लोक!

आता कॉम्प्युटरकडे वळू. १९८० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जेफ क्रॅमंडने बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरसाठी 'रेव्ज' लिहिला. गाडी फॉर्म्युला थ्री, ट्रॅक सिल्व्हरस्टोन. मशीनची मेमरी ३२ केबी. (आज एका साध्या आयकॉनची फाइल कधीकधी याहून मोठी असते.) क्रॅमंड भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. तेवढ्या जागेत त्याने ट्रॅकचे चढउतार बसवले, गाडीचं घसरणं बसवलं आणि पुढचा-मागचा पंख कमीजास्त करायची सोयही दिली. पंख जास्त तर वळणात पकड जास्त, पण सरळ रस्त्यावर वेग कमी. सेटअपचं पहिलं गणित हेच, आणि ते देवाणघेवाणीचं गणित आहे. फुकट काही मिळत नाही.

तोवर बहुतेक रेसिंग गेम्स म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्या चुकवायचा खेळ. गाडीच्या आत डोकवायचं कारणच नसायचं. खऱ्या अर्थाने गॅरेजचं दार उघडलं ते १९८९ साली, अटलांटिकच्या पलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये. डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी या दोघांनी पपायरस नावाची कंपनी काढली होती. त्यांचा 'इंडियानापोलिस ५०० : द सिम्युलेशन' इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बाजारात आणला. ३३ गाड्या, हवे असतील तर पूर्ण २०० लॅप्स, आणि गॅरेजमध्ये पंख, टायरची हवा, कॅम्बर, शॉक अॅब्सॉर्बर, गिअर, झालंच तर स्टॅगरसुद्धा.

स्टॅगर म्हणजे काय ते सांगतो, कारण त्यावरून या लोकांची नियत कळते. इंडियानापोलिसच्या अंडाकृती ट्रॅकवर गाडी फक्त डावीकडेच वळते. म्हणून मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा किंचित मोठं लावतात. टपरीवरचा चहाचा कागदी कप आडवा ठेवून ढकला. तो सरळ जात नाही, बुडाच्या बाजूला वळत गोल फिरतो. तोच प्रकार. मोठं चाक बाहेर, लहान चाक आत, गाडी आपोआप डावीकडे ओढली जाते. आता सांगा, १९८९ साली घरी गेम खेळणाऱ्या पोरांपैकी कितीजणांनी हे मागितलं असेल? पण खऱ्या इंडीकारचा मेकॅनिक हे करतो, म्हणून केमरने ते दिलं. खेळणाऱ्याला शहाणा समजायची ही पद्धत त्याने पुढे कधी सोडली नाही.

क्रॅमंडही थांबला नव्हता. १९९१ मध्ये त्याचा 'फॉर्म्युला वन ग्रांप्री' आला आणि १९९६ मध्ये 'ग्रांप्री २', ज्यात १९९४ चा सीझन होता. या दुसऱ्यात दोन गोष्टी मोठ्या. एक, सेटअपचं साधं पान आणि प्रगत पान वेगळं. प्रगत पानावर स्प्रिंग, गाडीची जमिनीपासूनची उंची, डॅम्पर वगैरे सगळं. आणि दोन, टेलिमेट्री. लॅप संपल्यावर गेममध्येच आलेख बघता यायचे... कुठे ब्रेक दाबला, कुठे अॅक्सिलरेटर, कुठे वेग किती. दोन लॅप्स एकमेकांवर ठेवून बघता यायच्या.

माझ्या मते सेटअपच्या शेकडो पर्यायांपेक्षा हा आलेख महत्त्वाचा. आकडे बदलायची सोय म्हणजे नुसते स्क्रू पिळायची सोय. बदलाचा परिणाम दिसायची सोय म्हणजे डॉनह्यूचं डांबरी वर्तुळ! पहिल्याशिवाय दुसरं चालतं, दुसऱ्याशिवाय पहिलं म्हणजे अंधारात तीर.

त्याच १९९६ साली एक गंमत झाली. जाक व्हिलनव्ह फॉर्म्युला वनमध्ये नवा होता. बेल्जियममधल्या स्पा या लांबलचक, अवघड ट्रॅकवर त्याने आधी कधी शर्यत केली नव्हती. तरी गड्याने पोल पोझिशन घेतली आणि ट्रॅक आपण कॉम्प्युटर गेमवर शिकलो असं सांगितलं. आता त्याच्या बुडाखाली त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी, विल्यम्स, होती हे खरं. पण वळणांचा क्रम, कुठल्या टेकाडामागे काय आहे, हे गेममधून शिकता येतं ही गोष्ट पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या चव्हाट्यावर आली.

आता येतो या कथेचा माझा सगळ्यात आवडता भाग. १९९८ मध्ये पपायरसने 'ग्रांप्री लेजंड्स' काढला. विषय १९६७ चा फॉर्म्युला वन सीझन. म्हणजे पंख नाहीत (ते १९६८ मध्ये आले), टायर अरुंद, इंजिन तीन लिटरचं आणि चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर. ट्रॅकच्या कडेला झाडं, घरं, दगडी भिंती. गेम इतका अवघड होता की पहिल्या दिवशी एक लॅप न घसरता पूर्ण करणं हेच ध्येय असायचं. अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की गाडीचं तोंड मागे. धंदा बेताचाच झाला. पण ज्यांना तो आवडला, त्यांनी पंचवीस वर्षांनंतरही तो सोडला नाही.

गंमत बघा. पंख नसल्यामुळे सेटअपमध्ये लपायला जागा उरली नाही. उरली ती निव्वळ यंत्रविद्या. प्रत्येक टायरचं तापमान तीन ठिकाणी दिसायचं, आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. आतली कड फार गरम म्हणजे कॅम्बर जास्त झाला. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम म्हणजे हवा जास्त, टायर फुग्यासारखं पोटावर उभं आहे. तीन आकड्यांत टायर बोलतं तुमच्याशी!

आणि मग अँटी-रोल बार. हा दांडा डाव्या-उजव्या चाकांना जोडतो आणि गाडीला वळणात कलंडू देत नाही. मग पुढचा दांडा कडक केला तर पुढची पकड वाढायला हवी ना? उलट! कमी होते. कारण असं की टायरवर दुप्पट वजन टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. समजा ३०० किलो वजनावर टायर ३३० किलोचा जोर धरतं, ४०० वर ४२० आणि २०० वर २३०. दोन्ही चाकांवर तीनशे-तीनशे असेल तर एकूण ६६०. वळणात बाहेरच्यावर चारशे आणि आतल्यावर दोनशे गेलं तर एकूण ६५०. वजन तेवढंच, पण दहा किलोची पकड गायब. दांडा कडक केला की त्या टोकाला वजनाची ही पळवापळवी वाढते. म्हणून पुढचा दांडा कडक म्हणजे गाडी वळायला आळशी, मागचा कडक म्हणजे ढुंगण हलवायला उत्सुक. हे एक वाक्य समजलं की निम्मा सेटअप समजला.

तर या गेमभोवती जगभरातले लोक इंटरनेटवर जमले आणि वेळा जमवू लागले. जीपीएल रँक नावाची एक व्यवस्था उभी राहिली. गेममधले मूळ ११ ट्रॅक, प्रत्येकाची एक ठरलेली वेळ. तुमच्या अकरा सर्वोत्तम वेळांची बेरीज करायची, त्यातून ठरलेल्या वेळांची बेरीज वजा करायची. उरलं ते तुमचं हँडिकॅप. सुरुवातीला शंभर-शंभर सेकंदांनी मागे असलेली माणसं महिनोन्महिने घासून शून्याच्या खाली जायचं स्वप्न बघायची. 'निगेटिव्ह' होणं म्हणजे जणू दहावीला बोर्डात येणं.

यात एक गोष्ट फार शहाणपणाची होती. एकाच ट्रॅकवर एखादा नशिबाचा लॅप मारून नाव होत नसे. स्पासारख्या प्रचंड वेगाच्या ट्रॅकपासून मोनॅकोच्या गल्लीबोळांपर्यंत सगळीकडे जमायला हवं. मोनॅकोचा सेटअप स्पाला चालत नाही. चालणारी एकच गोष्ट होती, चालवणारा.

पण खरी क्रांती केली ती रिप्लेने. गेम लॅपचं रेकॉर्डिंग फाइलमध्ये साठवायचा. ती फाइल कुणालाही पाठवता यायची. मग खेळणाऱ्यांपैकीच काहींनी ही फाइल उलगडून आतले आकडे आलेखात दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला, जीपीएल रिप्ले अॅनालायझर. (कंपनीने फॉरमॅट सांगितला नसेल तर रिव्हर्स इंजिनिअर करायचा, ही आपल्या जमातीची जुनी खोड.) आता जगातल्या सर्वात वेगवान माणसाचा लॅप आणि तुमचा लॅप शेजारी ठेवता येऊ लागला. त्याने ब्रेक कुठे सोडला, अॅक्सिलरेटर कधी उघडला, स्टिअरिंग किती वळवलं, सगळं उघडं.

याचं ऐतिहासिक मोल काय ते जरा थांबून बघा. खऱ्या फॉर्म्युला वनमध्ये टेलिमेट्री म्हणजे घरातलं सोनं, कुणी बाहेर दाखवत नाही. सचिनच्या कव्हर ड्राइव्हमध्ये मनगट कधी किती वळतं याचे आकडे आपल्याला कुणी दिले का? इथे मात्र विक्रमवीराची प्रत्येक हालचाल कुठलाही शाळकरी पोरगा डाउनलोड करू शकत होता. पुढे 'लाइव्ह फॉर स्पीड'ने, ज्याचा पहिला डेमो २००२ मध्ये आला, हे आणखी पक्कं केलं. तिथे विक्रमाचा दावा करायचा तर लॅपचं रेकॉर्डिंगच अपलोड करावं लागायचं, ते तपासलं जायचं आणि मग इतरांना बघायला खुलं असायचं. पुरावा दाखवा आणि रहस्यही दाखवा. २००५ मध्ये 'आरफॅक्टर' आल्यावर तर खऱ्या रेसिंग टीम्स वापरतात त्या मोटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये आपले लॅप्स उघडणारे लोक दिसू लागले.

आणि एवढं सगळं उघडं झाल्यावर काय दिसलं? बहुतेकांच्या बाबतीत दोन सेकंदांतला मोठा हिस्सा सेटअपमध्ये नव्हताच! विक्रमवीराचा सेटअप घेऊनही लोक दीड सेकंद मागेच राहायचे. आलेखात कारण ढळढळीत दिसायचं. हे लोक वळणात जास्त वेगाने घुसायचे, मधे गाडी सावरत बसायचे आणि बाहेर पडताना अॅक्सिलरेटर उशिरा उघडायचे. विक्रमवीर आधी जरा मंद आणि नंतर बराच लवकर. साधा हिशोब करा. वळणानंतर एक किलोमीटरची सरळ पट्टी आहे. ती सरासरी २०० च्या वेगाने १८ सेकंदात पार होते. सरासरी २०३ ठेवता आली तर १७.७३. म्हणजे एका वळणातून बाहेर पडताना कमावलेला तीन किलोमीटरचा वेग पट्टीभर टिकला तर पाव सेकंदापेक्षा जास्त फायदा. स्प्रिंगचा एक खटका बदलून एवढं क्वचितच मिळतं.

इथे माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही, म्हणून थोडं स्टॅटिस्टिक्स. समजा तुमच्या लॅप्समध्ये अर्ध्या सेकंदाचं स्टँडर्ड डेव्हिएशन आहे, आणि जो बदल तुम्ही तपासताय त्याने एक दशांश सेकंद मिळणार आहे. जुन्या सेटअपवर ५० लॅप्स मारा, नव्यावर ५० मारा आणि दोन सरासऱ्यांची वजाबाकी करा. त्या वजाबाकीतली अनिश्चितता येते ०.१ सेकंद! म्हणजे फायदा जेवढा, तेवढीच धूसरता. दीड मिनिटाचा लॅप धरला तर अडीच तास गाडी हाकून तुम्हाला ठामपणे काहीही सांगता येत नाही. आता तोच माणूस आधी सराव करून डेव्हिएशन ०.१ वर आणतो. त्याला प्रत्येकी फक्त ८ लॅप्समध्ये अनिश्चितता ०.०५ मिळते. पाव तासात... बरं, पंचवीस मिनिटांत काम फत्ते.

थोडक्यात काय, तर ज्याचे लॅप्स एकसारखे नाहीत त्याच्यासाठी सेटअप हा अंधश्रद्धेचा विषय आहे. बदल केला, पुढचा लॅप चांगला गेला, बदलाला नवस पावला! पाय सरळ पडायला लागल्याशिवाय अंगणाचा उतार मोजताच येत नाही. आमच्या धंद्यात हेच बग शोधताना असतं. बग दर वेळी त्याच जागी दिसत नाही तोवर दुरुस्त झाला की नाही हे कुणी सांगू शकत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, मोजा, मग जुनं परत लावून वेळही परत घसरते का बघा.

मग अंगण कधीच वाकडं नसतं का? असतं ना! आणि इथे कथेला दुसरं वळण लागतं.

सिम्युलेटरमधलं अंगण म्हणजे एक गणिती मॉडेल. त्यातला सर्वात अवघड भाग टायर. खऱ्या जगात गाडी आणि रस्ता यांची गाठ पडते ती चार तळहातांएवढ्या रबराच्या ठिपक्यांवर. १९८७ मध्ये डेल्फ्टचे हान्स पसेका आणि व्होल्वोचे इंजिनिअर यांनी टायरच्या वागण्याचं एक सूत्र मांडलं, जे 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणून प्रसिद्ध झालं. मॅजिक अशासाठी की ते टायर असं का वागतं ते सांगत नाही, मोजलेल्या आकड्यांवरून वक्र तेवढा सुंदर बसवतं. मोजलेल्या टापूत ते उत्तम. पण रेसिंगमध्ये टायर तापतं, झिजतं, घसरतं, म्हणजे नेमकं टापूबाहेर जातं. डेव्हिड केमरने २००४ मध्ये जॉन हेन्रीबरोबर आयरेसिंगची स्थापना केली, २००८ मध्ये ती सेवा लोकांसाठी खुली झाली, आणि पुढे वक्र बसवण्याऐवजी रबराच्या भौतिकशास्त्रापासून टायर उभं करायच्या मागे तो लागला. ते काम वर्षानुवर्षं चालू राहिलं. इंडी ५०० लिहिणारा माणूस दोन दशकांनंतरही टायरशीच झुंजतोय!

मॉडेल अपुरं असलं की हजारो खेळाडू त्यातली भोकं शोधतातच. आयरेसिंगमध्ये कित्येक गाड्यांचे वेगवान सेटअप टायरची हवा नियमाने परवानगी असलेल्या किमान आकड्यावर ठेवून बनायचे. ऑप्टिमायझेशन केलेल्या कुणालाही हे चिन्ह ओळखू येईल. उत्तर सारखं मर्यादेच्या भिंतीला चिकटत असेल तर समजावं की मॉडेलला अजून पुढे जायचंय, भिंतीने अडवलंय. दुसरं उदाहरण 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने'चं. त्यात कोरड्या ट्रॅकवर टायरचा दाब साधारण २७.५ पीएसआयच्या आसपास आणणं हा मंत्र होता. लोकांनी पाठ केला होता. २०२३ मध्ये १.९ आवृत्ती आली, टायर बदललं, आणि योग्य टापू २६ ते २७ झाला. पाठ केलेल्यांचे सगळे जुने सेटअप एका दिवसात रद्दी. ज्यांनी दाब कसा शोधायचा हे शिकलं होतं त्यांचं फक्त एक संध्याकाळचं काम वाढलं.

म्हणजे विक्रमी वेळेत तीन वाटेकरी असतात... चालवणारा, सेटअप आणि मॉडेलमधलं भोक. १९६७ च्या जर्मन ग्रांप्रीत जिम क्लार्कने न्युरबर्गरिंगचा सुमारे २३ किलोमीटरचा लॅप ८ मिनिटं ४.१ सेकंदांत मारून पोल घेतली. 'ग्रांप्री लेजंड्स'चे पट्टीचे खेळाडू तिथे आठ मिनिटांच्या आत जातात. तुलना तंतोतंत नाही, खरा ट्रॅक आणि गेममधला ट्रॅक यांत फरक असणारच. तरी म्हणून ते क्लार्कपेक्षा भारी का? त्यांच्याकडे हजारो लॅप्सचा सराव, हवे तितके सेटअप आणि क्षमाशील मॉडेल होतं. क्लार्ककडे सरावाचे मोजके लॅप्स आणि एकच जीव होता. त्याच वर्षी मे महिन्यात लोरेन्झो बँदिनी मोनॅकोत जळालेल्या गाडीत सापडला आणि तीन दिवसांनी गेला. पुढच्या वर्षी ७ एप्रिलला हॉकेनहाइममध्ये क्लार्क गेला.

या वाटेकऱ्यांची वाटणी करायचा एक सरळ मार्ग निघाला, फिक्स्ड सेटअप. आयरेसिंगवर अशा शर्यती असतात जिथे सगळ्यांना एकच सेटअप मिळतो, बदलायची सोय नाही. सगळ्यांना एकच अंगण, आता नाचा! लोकांच्या सबबी बंद झाल्या आणि क्रम बराचसा तोच राहिला. दुसरीकडे तयार सेटअप पैसे घेऊन विकणाऱ्यांचाही धंदा उभा राहिला. एकेकाळचं रहस्य आता महिन्याच्या वर्गणीत मिळतं. म्हणजेच त्याला रहस्य म्हणून किंमत उरली नाही.

शेवटची परीक्षा अर्थातच खऱ्या डांबरावर. २००८ मध्ये निसान आणि प्लेस्टेशनने जीटी अकॅडमी सुरू केली, 'ग्रान तुरिस्मो' खेळणाऱ्यांतून ड्रायव्हर निवडायचे. पहिला विजेता स्पेनचा लुकास ऑर्दोनेझ २०११ मध्ये ले मांच्या २४ तासांत आपल्या गटात दुसरा आला. अमेरिकेत विल्यम बायरन किशोरवयात आयरेसिंगवर शिकला, मग खऱ्या छोट्या गाड्यांत बसला, आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने डेटोना ५०० जिंकली. ज्या गाड्यांवर शिकला त्यांच्या टायरची हवा त्याच्यासोबत आली नाही. सोबत आलं ते एकसारखे लॅप्स मारणं, गाडी काय सांगतेय ते ऐकणं आणि आपली चूक आलेखात शोधणं.

पण सगळंच सोबत येत नाही. २०११ च्या जीटी अकॅडमीचा विजेता जॅन मार्डनबरो २०१३ मध्ये ले मांला गटात तिसरा आला. २८ मार्च २०१५ ला न्युरबर्गरिंगवर फ्लुगप्लाट्झ नावाच्या उंचवट्यावर त्याच्या निसानचं नाक हवेत उचललं गेलं, गाडी उडाली, कुंपण ओलांडून गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. २०२३ मध्ये त्याच्यावर निघालेल्या सिनेमात हा अपघात ले मांच्या पोडियमच्या आधी आणून ठेवलाय, म्हणजे यशाने कथा गोड होते. खऱ्या आयुष्यात क्रम उलटा होता. तो उंचवटा 'ग्रांप्री लेजंड्स'मध्येही आहे. तिथे हजारो गाड्या हवेत उडाल्या असतील. प्रत्येक वेळी एक बटण दाबलं की गाडी पुन्हा पिट्समध्ये.

म्हणून मला वाटतं, गेममधला लॅप टाइम ही खोटी गोष्ट नाही आणि पूर्ण खरीही नाही. तो एका विशिष्ट मॉडेलवर, एका विशिष्ट आवृत्तीवर मोजलेला आकडा आहे. आवृत्ती बदलली की आकडा शिळा. तो कमी करताना लागलेली सवय तेवढी शिळी होत नाही. आधी पाय सरळ, मग अंगण, आणि दोन्हीच्या मधे पट्टी घेऊन मोजत बसायची चिकाटी. डॉनह्यूने हे डांबरी वर्तुळावर केलं, क्रॅमंड आणि केमरने ते आपल्या टेबलावर आणून दिलं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "सेटअप दे" म्हणाला तर जरूर द्या. सोबत तुमचा रिप्लेही द्या. आणि त्याला सांगा, आधी रिप्ले बघ.

असो, लेख बराच लांबला. शनिवार आहे, संध्याकाळ मोकळी आहे आणि मोन्झाचा ट्रॅक वाट बघतोय. पुढच्या वीकएंडला भेटू :)